शेवंतीचे गुडघे आणि माझे

धामापूर, कोजागिरीनंतरचा मंगळवार

चि. दत्तप्रसाद यास,

सत्यवानचे अनेक आशीर्वाद. (तू माझ्या बायकोचा पाठचा भाऊ आणि वयाने लहान, म्हणून आशीर्वाद. तुझी वागणूक पाहिली तर दुसराच शब्द सुचतो, पण तो टपालातून पाठवण्याजोगा नाही.) पुण्यात तू आणि सोनल खुशाल असाल. इकडची खुशाली तू फोनवर ज्या क्रमाने विचारतोस त्याच क्रमाने कळवतो. शेवंतीचा उजवा गुडघा उत्तम. डाव्याविषयी सविस्तर खाली. खूर बरे, भूक दांडगी, शेपटी जागच्या जागी. त्यानंतर तुझी सख्खी बहीण कावेरी. तिची कंबर गणपतीत धरली ती अजून सुटली नाही, पण ती घोडी नसल्यामुळे तुझ्या कानावर आले नसेल. सगळ्यात शेवटी मी. माझ्या गुडघ्यांविषयी तू आजवर एकदाही विचारले नाहीस, तेव्हा मीही आगाऊपणाने सांगत नाही. पत्राच्या ओघात ते येतीलच.

फोन असताना पत्र कशाला, असे तू म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हे एक कारण. आमच्या घरात रेंज फक्त न्हाणीघरामागच्या फणसाखाली येते आणि तिथे उभे राहून तुझी प्रवचने ऐकायची तर मुंग्या चावतात, हे दुसरे. पत्राला मध्येच तोडून "भावोजी, ते राहू दे, गुडघे कसे आहेत?" असे कोणाला विचारता येत नाही. शिवाय विषय गंभीर आहे. तू कणकवलीच्या सिद्धेश बँडवाल्याला शेवंती द्यायचे ठरवलेस. त्याची अट एकच, गुडघे स्वच्छ हवेत. गुडघ्यावर डाग म्हणजे घोडी कधीतरी तोंडघशी पडलेली, आणि एकदा पडलेले जनावर पुन्हा पडते असे या धंद्यातले लोक मानतात. डाग नसला तर तुळशीची लग्ने लागली की शेवंती कणकवलीला जाणार आणि वरातीत नाचणार. तर तो सिद्धेश परवा येऊन घोडी बघून गेला. काय झाले ते सांगण्यासाठीच लिहायला बसलो आहे, पण मुळापासून सांगितल्याशिवाय तुला ते समजणार नाही आणि मला समाधान मिळणार नाही.

मूळ म्हणजे अर्थात तू. पुण्यात घोडेस्वारीच्या क्लासला जाऊन तुला साक्षात्कार झाला की मालवणच्या किनाऱ्यावर पर्यटकांना पाण्याखाली नेणारे आहेत, पाण्यावरून ओढणारे आहेत, आकाशात उडवणारे आहेत, फक्त घोड्यावर बसवणारा कोणी नाही. शिमगा आटोपला आणि तू टेम्पोतून घोडी घेऊन हजर. शेवंतीने समुद्र त्याआधी पाहिला नव्हता. पहिली लाट पायाशी आल्याबरोबर ती पर्यटकासकट वळली आणि थेट मासळीच्या लिलावात शिरली. (सुरमईच्या पाट्यांमधून तिने अशी वाट काढली की एक मासा तुडवला नाही, हे तिथल्या बायका अजून कौतुकाने सांगतात. पर्यटकाचे काय झाले ते कोणी सांगत नाही.) मग "भावोजी, दोन महिने सांभाळा" म्हणून तू तिला आमच्या गोठ्यात बांधलेस आणि रातोरात पुणे गाठलेस. ते दोन महिने अजून चालू आहेत.

आता आम्ही कोकणातली माणसे. बैलाचे आम्हाला कळते, रेड्याचे कळते. घोडा आम्ही पाहतो तो दुसऱ्याच्या लग्नात, तोही लांबून. त्यामुळे तू लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवू लागलास ते मी आधी कृतज्ञतेने ऐकले. घोडीला रोज फिरवायलाच हवे, नाहीतर पाय सुजतात, हे कळले. फिरवायचे कुठे हा प्रश्न होता. मळ्यात भात उभे, सड्याच्या कातळावर शेवाळ, उरला रस्ता. आणि रस्ता म्हटल्याबरोबर तुझ्या आवाजाला कंप सुटला. डांबरावर ठेच लागली की जनावर गुडघ्यावर येते, कातडे सोलले की तिथले केस पांढरे उगवतात किंवा उगवतच नाहीत, आणि घोडीची किंमत संपते. म्हणून मी कुरिअरने काहीतरी पाठवतो आहे, असे तू म्हणालास. हा मेसेज फणसाखाली जाऊन ऐकायचा राहिला. कुरिअर त्याआधी आले.

पाकिटावर माझे नाव. आत चामड्याचे, आतून लोकरीचे दोन सुंदर पट्टे आणि तुझी चिठ्ठी, "गुडघ्यांसाठी. रस्त्यावर जाताना न विसरता घालणे." दत्तप्रसाद, खरे सांगतो, माझे डोळे भरून आले. या गुडघ्यांनी मला हायस्कुलातल्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मेटाकुटीला आणले होते. मी कावेरीला म्हटले, बघ, तुझ्या माहेरच्यांविषयी मी आजवर जे जे बोललो ते सगळे परत घेतो. आणि ते पट्टे लेंग्यावरून बांधून शेजारच्या चौके गावच्या बँकेत गेलो. बँकेत चौकशी झाली. कुठे मिळाले, कोणत्या डॉक्टरने दिले, आमच्या आईला चालतील का. मेव्हण्याने पाठवले असे मी सगळ्यांना सांगितले, आणि तुझे नाव त्या दिवशी चौक्यात जेवढे निघाले तेवढे पूर्वी कधी निघाले नव्हते. आठवडाभर मी कठडा न धरता जिना चढत होतो. मग तुझा फोन आला. "पट्टे बसले का नीट?" मी म्हटले, अगदी मापात, जरा सैल होतात पण ऊब छान येते. त्यावर तू विचारलेस, "दाणा खाताना काढता ना?" तिथे माझ्या मनात पहिली शंका आली.

असो. पट्टे माझे उतरले आणि शेवंतीला चढले. (त्यांना माझ्या आयोडेक्सचा वास येत होता. तिने हुंगून माझ्याकडे जे पाहिले त्यात निदान सहानुभूती होती.) प्रत्येक पट्ट्याचा वरचा बंद घट्ट आणि खालचा सैल ठेवायचा, म्हणजे गुडघा वाकतो, हे तू सांगितले होतेस. मी पहिल्या दिवशी नेमके उलटे बांधले. घोडी पाय न वाकवता, तिरकी तिरकी चालत रस्त्यापर्यंत गेली आणि तिथे उभी राहिली. मागच्या पायांचे पट्टे कुठे आहेत म्हणून मी फोन केला तेव्हा तू हसलास. घोड्याला गुडघे पुढच्याच पायांना असतात, मागे असतो तो वेगळा सांधा, असे म्हणालास. हे मी महादूच्या चहाच्या टपरीवर सांगितले. तिथून जे भांडण लागले ते अजून मिटलेले नाही. चार पाय म्हणजे चार गुडघे, असे म्हणणारे गावात बहुमतात आहेत.

मग स्वारी. तुझ्या सूचना मी तंतोतंत पाळल्या, आणि त्या पाळून घोड्यावर बसता येते असे ज्याला वाटत असेल त्याने धामापुरात येऊन दाखवावे. डांबरावर दौडवायची नाही, हादरे बसतात. उतारावर बसायचे नाही, सगळा भार पुढच्या गुडघ्यांवर येतो. चढावर बसायचे नाही, तिला दम लागतो. (मला लागला तर चालतो.) खडी दिसली की उतरून लगाम हाती धरायचा. ओला रस्ता असेल तर मुळीच बसायचे नाही, आणि इथे पाऊस अजून पुरता गेलेला नाही. सपाट, कोरडा, खड्डे नसलेला रस्ता असेल तिथे खुशाल बसावे, अशी तू उदार मनाने परवानगी दिली होतीस. असा तुकडा मी धामापूर ते चौके शोधत गेलो आणि मला तो सापडला. ज्या कंत्राटदाराने हा रस्ता केला त्याच्या बंगल्याच्या गेटसमोर तो आहे. तिथे मी रोज घोडीवर चढतो आणि गेट संपले की उतरतो. त्याच्या कुत्र्याची समजूत अशी झाली आहे की मी हे त्याला चिडवण्यासाठी करतो.

बाकी सगळी वाट मी पायी. पुढे मी, मागे शेवंती. तिला पट्टे, मला काही नाही. महादू टपरीवरून रोज ओरडतो, "ओ भाऊनू, घोडी तुमची काय तुमी घोडयेचे?" एकदा म्हणाला, "बसतल्यात तेच्या आदल्या दिसा सांगा, पोराटोरांका घेवन बघूक येतंव." मी लक्ष देत नाही. पण शेवंती टपरीपाशी थांबते, कारण महादू तिला गुळाच्या खाज्याचा तुकडा देतो आणि मला शेरा. घरी आल्यावर तिच्या पायांवर गार पाणी सोडायचे, खूर उचलून खडे काढायचे, सांध्यांवरून हात फिरवून कुठे गरम लागते का पाहायचे. हे सगळे बसून करावे लागते. बसल्यावर मला उठता येत नाही. मग मी तिच्या मानेला धरतो आणि ती मान वर करते, तसा मी उठतो. हे तिला कोणी शिकवलेले नाही.

खड्ड्यांविषयी मी रीतसर तक्रार केली. बांधकाम खात्याचे साहेब जीपमधून आले आणि त्यांनी रस्त्याऐवजी शेवंतीच भोवती फिरून पाहिली. म्हणाले, हा रस्ता वाहनांसाठी आहे, घोड्यांची तरतूद नाही. मी म्हटले, माणसांची आहे का? ते मनमोकळे हसले. मग त्यांनी पट्टे हातात घेऊन उलटेपालटे केले आणि कौतुकाने म्हणाले की ही कल्पना उत्तम आहे, रस्ता वारंवार करण्यापेक्षा लाभार्थ्यांना असे पट्टे वाटले तर स्वस्तात पडेल. ते विनोद करत होते असे मला वाटले, पण त्यांनी मोबाईलवर फोटो काढून घेतला. पुढच्या आठवड्यात कोणी मोठे पाहुणे जाणार म्हणून खड्ड्यांत खडी ओतली. पाहुणे दुसऱ्या रस्त्याने गेले. खडी गाड्यांच्या चाकांनी उडून रस्ताभर पसरली, आणि तोवर जे खड्डे आम्हा दोघांना तोंडपाठ होते त्यांचा सगळा अभ्यास वाया गेला.

तेव्हा मी घाबरलो, हे कबूल करतो. माणसाचा भरवसा संपला की आपल्याकडे एकच जागा उरते. शेवंतीला देवळापुढे नेले, पट्टे काढले, नारळ ठेवला आणि लवू मानकऱ्याला गाऱ्हाणे घालायला सांगितले. लवूचे गाऱ्हाणे तुला ठाऊक आहे, त्यात कुठे फट राहत नाही. "आई माये, ह्या सत्यवानान तुझ्या पायाकडे नारळ ठेवल्यान हा. तेच्या मेवण्याची घोडी रस्त्यार चलता. तिचे गुडघे, दोन आसतले तर दोन, चार आसतले तर चार, सुखरूप ठेव." "व्हय म्हाराजा!" जमलेल्यांनी साथ दिली. "वाटेर खड्डो इलो तर खड्ड्याक बाजूक कर, नाय जमला तर घोडयेक बाजूक कर." "व्हय म्हाराजा!" "आणि ज्येनी कोणी हो रस्तो असो केल्यान, तेचा काय तां तुयाच बघून घे." या वेळचा "व्हय म्हाराजा" सगळ्यात मोठा झाला. कंत्राटदारही हात जोडून उभा होता (देवळाला रंग त्यानेच दिला आहे), आणि त्याने सगळ्यांच्या वर आवाज लावला.

त्या दिवसापासून शेवंतीच्या गुडघ्यांची ख्याती पंचक्रोशीत पसरली. बायका हळदीकुंकवाला आल्या की आधी गोठ्यात डोकावतात. कावेरी अस्वस्थ झाली. इतक्या नजरा बऱ्या नव्हेत म्हणून ती रोज तिन्हीसांजेला मीठ-मिरच्या उतरू लागली. मी म्हटले, जाता जाता माझ्याही गुडघ्यांवरून उतर. ती म्हणाली, "तुमच्या गुडघ्यांक कोणाची दृष्ट लागतली?" त्यापुढे गोठ्यात ती आणि घोडी काय काय करतात त्यात मी पडत नाही.

अशा परिस्थितीत परवा सिद्धेश आला. बरोबर घाटावरून आणलेला एक जाणकार, काळा चष्मा आणि नवी कोरी, अंगासरशी पँट. त्याने शेवंतीचे दात पाहिले, पाठ थोपटली, चालवून पाहिली. चाल बघून सिद्धेश खुश झाला. मोबाईलवर ढोलाचे गाणे लावून नाचते का म्हणून पाहिले. शेवंतीने कान मागे टाकले आणि माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली. "शिकवूया," जाणकार म्हणाला, आणि कसे शिकवतात तेही त्याने सांगितले. ते मी इथे लिहीत नाही. मग पट्ट्यांकडे बोट दाखवून विचारले, हे कशाला? मी म्हटले, गुडघे सांभाळायला. तो सिद्धेशकडे बघून हसला. "ज्याच्यावर झाकण, त्याच्यात काहीतरी असतंय." पट्टे काढले. डाव्या गुडघ्यावर चांगला रुपयाएवढा काळा डाग, केस चिकटून बसलेले. जाणकाराला पँटमुळे वाकता येत नव्हते. तो उभ्यानेच म्हणाला, "पडलेली घोडी."

मला विचारले, कधी पडली? मी म्हटले, आमच्याकडे एकदाही पडलेली नाही. हे शंभर टक्के खरे आहे. पण जनावर विकणारा हेच वाक्य बोलतो म्हणे, त्यामुळे त्यांची खात्री पटली. सिद्धेश माणूस वाईट नाही. जाताना म्हणाला, "भाऊनू, नवरो फेटो बांधून वर बसलेलो, म्होरे डीजे, आणि ही गुडघ्यार इली तर? नवऱ्याचा सोडा, माझो बँड बसतलो." आणि दोघे निघून गेले. मला अतोनात वाईट वाटले. त्या भरात दुपारी सुरमईची एक तुकडी जास्त खाल्ली गेली.

तर असे झाले. ठरलेला व्यवहार मोडला, माझा नाइलाज आहे. आता गुडघ्यावर डाग असलेली ही घोडी दुसरा कोणी घेईल असे वाटत नाही. तू वैतागशील, पण एक विचारायचे आहे. तुझे सगळे मेसेज मी पुन्हा ऐकले, मुंग्या सोसून. डांबर, खडी, उतार, ओला रस्ता, सगळ्याचे नियम त्यात आहेत. काँक्रीटवर अंगावर माणूस घेऊन, कानाशी भोंगे लावून अर्धी रात्र नाचवायचे तेव्हा गुडघ्यांचे काय करायचे, तो नियम मला कुठे सापडला नाही. गुडघे विकेपर्यंतच जपायचे होते, हे मला आधी सांगितले असतेस तर मी इतका चाललो नसतो. मला राग आला आहे आणि तो पत्रात नीट उतरला नसेल तर पुन्हा एकदा वाच.

घोडीला आता दारात ठेवून घेणे आले. माझ्यासारख्या म्हाताऱ्यावर हे केवढे संकट आहे, ते तुला काय सांगू. सोनलला आशीर्वाद. भाऊबीजेला येशीलच.

तुझा,
सत्यवान

ता. क. एक विनंती राहिली. तसल्या पट्ट्यांचा आणखी एक जोड पाठव, जरा लहान मापाचा. शेवंतीचे पट्टे गोठ्यात असतात तोवर मी वापरतो, पण सकाळी फिरायला निघताना दोघांनाही एकाच वेळी लागतात आणि ती हक्क सोडत नाही. बाकी तिची तशी अडचण नाही. पहाटे माझी चाहूल लागली की फुरफुरते. मला बघून आनंद व्हावा असे या घरात दुसरे कोणी उरले नाही. (हे कावेरीस कळू नये.)

ता. क. २. दत्ता, मी ताई लिवतंय. पाकीट आणूक हे दुकानात गेले हत. कोणी उरला नाय काय तां मी वाचलंय, तेंका मगे बघतंय. तुका खरा सांगतंय, माका खोटा पचणा नाय. घोडयेच्या गुडघ्यार डाग-बीग काय नाय. दृष्ट लागू नये म्हणान मी रोज खोबरेलात काजळ घालून तीट लायतंय, ती थंय होती. त्या पँटवाल्यान बोट लावन बघल्यान आसता तर तेच्या बोटाक लागला आसता. हेंका म्हायत होता, हे गप ऱ्हवले. साबण लावन धुलंय की गुडघो आरशासारखो. जनावर तुझा, विकूचा की नाय तां तू ठरव. पण तू दर वर्षी भाऊबीजेक माका साडी घालतंस. कपाटात जागा नाय. औंदा ओवाळणी म्हणान शेवंती घाल.

ता. क. ३. पाकीट चिकटवण्याआधी वरचे वाचले. फाडून पुन्हा लिहिणार होतो, पण कावेरी समोर उभी आहे. येशील तेव्हा चौक्याला उतर, आम्ही दोघे न्यायला येऊ, तुझी बॅग शेवंतीवर टाकू आणि घरापर्यंत तिघे चालत जाऊ. फक्त साबण आणू नकोस.